कैद्याचे मन तपासणार कोण?

मध्य प्रदेशातील मनोज खटल्याचा २० मे २०२२ चा निकाल इंदूरच्या तिहेरी हत्याकांडापुरता मर्यादित नव्हता. फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यात आरोपीच्या मानसिक मूल्यमापनाचा अहवाल सरकारने सुनावणीच्या टप्प्यावरच मिळवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. साहजिकच भोपाळ असो वा पणजी, न्यायवैद्यक मानसशास्त्रज्ञाचे महत्त्व वाढले.

मात्र हा तज्ज्ञ व्यवस्थेत आहे कुठे? हे शास्त्र शिकवणाऱ्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची संकुले भोपाळ आणि फोंडा येथे आहेत. परंतु आरोपीच्या मनोदशेच्या संदर्भात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६७ मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे नाव घेते. उरला तुरुंग. आदर्श कारागृह नियमावलीनुसार दर ५०० कैद्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ हवा. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५’ नुसार देशातील सुमारे ५.७ लाख कैद्यांसाठी तो आकडा अवघा २५ आहे.

प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहात मानसिक आरोग्य आस्थापना हवी, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. गोव्यात कोलवाळचे मध्यवर्ती कारागृह आणि बांबोळीची मनोरुग्ण संस्था यांत फारसे अंतर नाही. त्यामुळे लहान राज्याला ही घडी बसवणे तुलनेने सोपे आहे.

मूल्यमापन म्हणजे एका भेटीत भरायचा नमुना नव्हे. बालपण, व्यसन, आघात आणि तुरुंगातील वर्तन यांचा मागोवा घेण्यास अनेक भेटी लागतात. नियमित पदे निर्माण झाली नाहीत, तर जन्ममृत्यूचा निवाडा घाईच्या अहवालावर बेतेल.