शिकवणाऱ्यालाही गुडघे असतात

पहाटे पाचला नवीन पनवेलमधल्या जिमचे शटर वर करणारा ट्रेनर पाहिला की वाटते, याला डॉक्टर कशाला लागतोय? पण चाळिशीच्या आसपास हीच मंडळी दवाखान्यात दिसू लागतात. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा खांदा, आणि बऱ्याच जणांचा बसलेला घसा. शाळेतले पीटीचे सरही याला अपवाद नाहीत.

कारण साधे आहे. तुम्ही-आम्ही तासभर व्यायाम करतो आणि उरलेल्या दिवसात शरीर झीज भरून काढते. शिक्षक मात्र प्रत्येक बॅचला तीच उडी, तीच बैठक करून दाखवतो. खोल बैठकीत गुडघ्याच्या वाटीवर वजनाच्या कित्येक पट दाब येतो. स्नायू विश्रांतीने सावरतो. सांध्यातल्या कूर्चेला मात्र रक्तपुरवठाच नाही, ती झिजली की फारशी भरून येत नाही.

दुसरा फटका कानांना. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे! त्या गोंगाटावर ओरडून आकडे मोजणाऱ्याच्या स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात.

1982 मध्ये व्यायामाची व्हिडिओ कॅसेट काढून जगभर गाजलेल्या जेन फोंडा यांचा खुबा 2005 मध्ये बदलावा लागला. व्यायामानेच तो गेला असे नव्हे. पण व्यायाम म्हणजे सांध्यांचा विमाही नव्हे.

खरी अडचण पैशाची आहे. अनेकांना बॅचप्रमाणे पैसे मिळतात. सुट्टी घेतली की कमाई बुडाली. मग वेदनाशामक गोळी घेऊन उभे राहायचे. रोजची गोळी दुखणे लपवते, वर पोट आणि मूत्रपिंडे बिघडवते.

माझ्या मते आपल्या तालमीची रीत शहाणपणाची होती. वस्ताद हौद्याच्या काठावर उभा राहून पठ्ठ्याचे चुकलेले पाऊल सांगतो. प्रत्येक जोर स्वतः मारत नाही. ट्रेनरनेही दोनदा करून दाखवावे आणि मग फिरून चुका दुरुस्त कराव्यात. मायक्रोफोन वापरावा, गाणी हळू लावावीत. दुखणे दोन आठवडे टिकले तर तपासून घ्यावे. आणि जिमच्या मालकांनी आठवड्याची एक सुट्टी पगारी द्यावी. यंत्रांना तेलपाणी करता, मग माणसालाच का नाही?