कराडच्या आकाशात एक फुगा हवा
तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराचीस निघालेली ‘आर-101’ ही वायुनौका 5 ऑक्टोबर 1930 रोजी फ्रान्समध्ये कोसळून 48 जण प्राणास मुकले, तेव्हा अशा यानांविषयी जी धास्ती बसली, ती हायड्रोजनच्या ज्वालाग्राही प्रकृतीमुळे यथार्थ असली, तरी न पेटणाऱ्या हेलियमला लागू नाही. एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो भार उचलतो. मुंबईच्या आयआयटीत दोराने जखडलेल्या, हेलियमने भरलेल्या फुग्यांवर संशोधनही झालेले आहे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा-कोयनेचे पाणी कराडात व पुढे सांगलीत शिरले. तशा प्रसंगी मोबाईलचे मनोरे निकामी झाल्यास, बिनतारी यंत्र वाहणारा फुगा कराडच्या विमानतळावरून चढविता येईल. वादळी वाऱ्यात तो उतरवावा लागेल, हे खरे. तथापि सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने पुढील पावसाळ्यापूर्वी त्याची चाचणी घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.