फुलांच्या वाटेवरची राख

कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं बघायला जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी, मग शुल्क, मग रांग. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसा यादीत गेलं आणि मग तिथलं कुंपण असावं की नसावं, यावरही जोरदार वाद झाले. होऊ देत. निदान त्या फुलांवर कुणाचं तरी लक्ष आहे. माघ-फाल्गुनात हाच सह्याद्री पुन्हा फुलतो, तेव्हा मात्र ट्रेकवाल्यांच्या पाठपिशव्या माळ्यावर गेलेल्या असतात.

वसंतातली फुलं पावसाळ्यासारखी पायाशी नसतात, त्यांच्यासाठी मान वर करावी लागते. काटेसावरीला तेव्हा पान नसतं. मुठीएवढी, जाड पाकळ्यांची लाल फुलं नुसत्या फांद्यांवर बसलेली असतात. सकाळी त्यांतल्या मधावर मैना, कोतवाल, बुलबुल आणि खारी तुटून पडतात. झाडाखाली रेंगाळलात तर एखादं फूल धप्पकन खांद्यावर आदळतं. कोरड्या उतारांवर धायटीची झुडपं लाल नळ्यांनी लगडतात. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं घालतात. माथेरानला अंजनीच्या फांद्या जांभळ्या-निळ्या झुपक्यांनी झाकून जातात. सोनसावर पिवळी, पांगारा शेंदरी. आणि करवंदाच्या जाळीचा वास वळणाच्या अलीकडूनच येतो.

आता पळस. मार्चमध्ये समाजमाध्यमांवर पळसाची छायाचित्रं ढिगाने येतात: निळं आभाळ, केशरी झाड, खाली चार हळव्या ओळी. त्या चित्राची खालची कड नीट पाहावी. पुष्कळदा तिथे जमीन काळी असते. पळस आगीला पुरून उरतो, बुंधा जळाला तरी मुळातून पुन्हा फुटतो. जाड सालीची झाडंही तग धरतात. पण करवंदाची कोवळी रोपं, खालच्या फांदीवरची आमरी, उघड्या जमिनीवर अंडी घालणारा रातवा यांच्यासाठी पुढच्या वर्षाचा भरवसा नसतो. वर्षानुवर्षं जळणारा डोंगर असा हळूहळू दोन-चार चिवट जातींचा होऊन बसतो, आणि छायाचित्रात तो सुंदरच दिसतो.

हे वणवे बहुतेक वेळा आभाळातून पडत नाहीत. जुनं गवत जाळलं की नवं जोमाने येतं हा समज, बांधावरची निसटलेली आग, फेकलेली बिडी, आणि हो, गडावर रात्री शेकोटी करणारी शहरी मंडळी. राखीव वनात आग लावणं हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरून वनखातं जाळरेषाही काढतं. पण निर्जन डोंगर रात्री पेटला तर तो कुणी पेटवला, हे सांगणार कोण?

म्हणून या वाटांवर माणसं हवीत. कासला आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्था बघतात आणि फुलं टिकली तर गावात चार पैसे येतात. तसंच फाल्गुनात राजमाची किंवा भीमाशंकरच्या वाटेवर गावातल्या वाटाड्याला काम मिळालं, तर सोंडेवरचा पहिला धूर त्यालाच दिसेल आणि तो विझवण्यात त्याचा स्वतःचा फायदाही असेल. कासच्या गर्दीची नक्कल मात्र नको. वीस-पंचवीस जणांची तुकडी पुरे. पावसाळ्यात दर रविवारी बसगाड्या भरून नेणाऱ्या ट्रेक-संस्थांना मार्चमध्ये एखादी छोटी गाडी नेणं जड नाही. उजाडायच्या आत चढायला लागावं, दहाच्या सुमारास उतरणीला लागावं, माणशी तीन लिटर पाणी घ्यावं. आणि चहा थर्मासमधून न्यावा, वर चूल मांडू नये.