पारखीचा मेहनताना

मालेगावचे कापड घेऊन नाशिक रस्त्याने भोसरीत आलेला आमचा ट्रक चूं-चूं करू लागला. एका गॅरेजवाल्याने न तपासता फॅनबेल्ट बदलला, मग आल्टरनेटर. पैसे गेले, आवाज राहिला.

टेल्कोमुळे, म्हणजे २००३ पासूनच्या टाटा मोटर्समुळे, या भागात ट्रक ओळखणारे हात पुष्कळ. अशाच एका बुजुर्ग मिस्त्रींकडे आम्ही गेलो. त्यांनी चालू इंजिनाच्या बेल्टवर थोडे पाणी शिंपडले. बेल्ट ओरडत असेल तर आवाज लगेच बदलतो. तो बदलला नाही. मग बेल्ट उतरवून इंजिन क्षणभरच चालवले, कारण बेल्टविना वॉटर पंप फिरत नाही. आवाज गायब! म्हणजे दोष बेल्टवर फिरणाऱ्या भागांत. इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवली. वॉटर पंपाची पुली खरखरली. बेअरिंग संपले होते. ते वाटेत जाम होते तर बेल्ट तुटून इंजिन तापले असते, हेड गॅस्केट गेले असते.

मिस्त्रींनी तपासणीचे पैसे सांगताच आम्हीच घासाघीस केली. आज त्याची शरम वाटते. कापडाचा पोत बोटांनी ओळखण्याची किंमत आपण घेतोच ना? व्यापारी बंधूंनो, हुनराचा मेहनताना द्या. कारागीर बंधूंनीही आधी दोष शोधावा, मगच भाग बदलावा आणि काढलेला जुना भाग मालकाच्या हाती ठेवावा. धंदा विश्वासावरच चालतो.