विश्लेषण : कावळा-चिमणीची नोंद करून काय साधते?

वाघ मोजायला वनखाते आहे, कॅमेरे आहेत. पण अंगणातली चिमणी, तारेवरचा कोतवाल, माळावरचा नीलपंख कोण मोजणार? देशभरातल्या पक्ष्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवण्याएवढे शास्त्रज्ञ कोणत्याही सरकारकडे नाहीत. हे काम आज हौशी पक्षीनिरीक्षक करत आहेत. यालाच ‘नागरिक विज्ञान’ म्हणतात.

नोंद कशी होते?

‘ईबर्ड’ ही मोफत सेवा अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने २००२ मध्ये सुरू झाली. ठिकाण, वेळ आणि दिसलेल्या पक्ष्यांची यादी मोबाइलवरून पाठवता येते. शंकास्पद नोंद जाणकार स्वयंसेवक तपासतात. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या गणनेसाठी तर एका वेळी १५ मिनिटांचे निरीक्षणही पुरते.

त्यातून काय कळले?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. एकेकाळी सर्रास दिसणारा नीलपंख घटतो आहे, तर मोर वाढले आहेत, हे त्यातून दिसले. चिमणी मोठ्या शहरांत कमी झाली तरी देशपातळीवर बऱ्यापैकी टिकून आहे, हे २०२० च्या अहवालाने दाखवले. समजुती खोडून काढायलाही आकडेच लागतात.

मग उणीव कुठे?

अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. पण दीर्घकालीन कल सांगता आला तो फक्त ३३८ जातींचा. त्यातल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. उरलेल्यांचे काय, हे सांगण्याएवढ्या नोंदीच नाहीत. निरीक्षक दुर्मीळ पक्ष्यामागे धावतात आणि कावळा लिहायचा राहून जातो. वास्तविक यादी पूर्ण असेल, तरच ‘हा पक्षी दिसला नाही’ ही माहितीही उपयोगी ठरते.

पुढे काय हवे?

जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. ती एकदा भरून कपाटात ठेवण्यापेक्षा गावच्या शाळेने त्याच तळ्यावर, त्याच बांधावर दर महिन्याला यादी करावी आणि ग्रामपंचायतीने ती वहीत चढवावी. धोरणकर्त्यांनीही रस्ता वा प्रकल्प आखताना या नोंदी पाहायला हव्यात. लोकांनी फुकट जमवलेली माहिती वापरलीच नाही, तर उद्या ती जमवायला कोणी येणार नाही.