शेवटपर्यंत टिकणं

आमच्या ख्रिस्ती समाजात मयताच्या उपासनेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "त्या शेवटपर्यंत विश्वासात टिकून राहिल्या, कधी तक्रारीचा शब्द काढला नाही." गेलेलं माणूस कुणीही असो, वाक्य तेच. या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. दुसऱ्याबद्दल मात्र माझं भांडण आहे आणि आज त्याबद्दलच लिहायचं आहे. (ज्या ब्लॉगर मित्रमंडळींचा चर्चशी काही संबंध नाही, त्यांनीही वाचायला हरकत नाही. आजारपण तर सगळ्यांच्याच घरी येतं.)

तक्रार न करणं म्हणजेच विश्वास, ही समजूत आपल्यात कुठून आली कोण जाणे. बायबलमधून तर नक्कीच नाही. ईयोबाचं पुस्तक ४२ अध्यायांचं आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गेल्यावरही शांत राहणारा ईयोब पहिल्या दोन अध्यायांत आहे, आणि प्रवचनांत आपल्याला बहुतेक तोच भेटतो. तिसऱ्या अध्यायात तो स्वतःच्या जन्मदिवसालाच शाप देतो आणि मग पानंच्या पानं देवाशी भांडतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करू पाहतात. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर! ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना सुनावतो. हा शेवट किती जणांनी नीट वाचलाय?

असो. बायबलमधली माणसं फार दूरची वाटतात, म्हणून आपल्याच मातीतलं उदाहरण घेते. पंडिता रमाबाईंचं.

शाळेत मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. रमाबाईंविषयी बोलायची वेळ आली की मुलांना त्यांची विद्वत्ता सांगायचे, शारदा सदन सांगायचे, तास संपायचा. त्यांच्या सोसण्याबद्दल मी खरं वाचलं ते निवृत्तीनंतर, सवड मिळाल्यावर. जन्म १८५८ चा. १८७४ मध्ये दुष्काळात वणवण करताना आईवडील गेले, मग थोरली बहीण. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही कॉलऱ्यानं गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडंच आधी, त्यांच्याबरोबर गेलेल्या मैत्रिणीनं, आनंदीबाई भगत यांनी, तिथे आत्महत्या केली होती. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तेही राहिलं.

एवढं सोसलेली बाई मुकाट्यानं सांगितलं ते मानेल असं कुणालाही वाटेल. रमाबाईंनी तसं केलं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्मातल्या आईसारख्या. त्यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला, तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचताना मला पुन्हा पुन्हा हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. त्रैक्याची शिकवण पटत नाही तर तसं स्पष्ट लिहितात. चर्चचा अधिकार अंतिम का मानायचा, असं विचारतात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनच अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतनं काय घोडं मारलंय, अशा अर्थाचंही विचारतात (शब्द माझे, ठसका बाईंचाच). सिस्टर दुखावतात, गर्विष्ठ म्हणतात. बाई मायेनं उत्तर देतात, पण जागच्या हलत नाहीत.

पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सातआठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. एवढ्या नावारूपाला आलेल्या बाईनं हे जाहीरपणे लिहायचं म्हणजे बघा. आपल्याकडे सेक्रेटरीपदावर दोन वर्षं झाली की माणसाला सगळं कळलेलं असतं!

टीका दोन्हीकडून झाली. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या धर्मांतराच्या संशयावरून पुण्यात गदारोळ उठला, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांच्या बाजूनंही विचार केला पाहिजे असं मला वाटतं. आपली मुलगी परक्या धर्मात जाईल ही भीती खोटी नव्हती. पण बाईंचं काम त्यामुळे थांबलं नाही. दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून अनाथ मुली आणि विधवा आणल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनातली संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

मला सर्वांत मोठी वाटतात ती त्यांची शेवटची वर्षं. खेड्यातल्या अडाणी बाईलाही कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणायचं, तेही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, म्हणून उतारवयात त्या या भाषा शिकल्या. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. चाळिशीची होती, आईचं काम तीच पुढे चालवणार असं सगळे धरून चालले होते. रमाबाईंच्या रक्ताच्या नात्याचं आता कुणीच उरलं नाही. त्यानंतर त्या जेमतेम साडेआठ महिने जगल्या. त्या महिन्यांत काय केलं? भाषांतराचं काम पुरं केलं, मुद्रितं तपासली. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, चौसष्टाव्या वाढदिवसाला अठरा दिवस राहिले होते. संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ मध्ये.

टिकणं म्हणतात ते हे, असं माझं मत आहे. पोटची मुलगी पुरल्यावर काना-मात्रा तपासत बसायचं. त्या वेळी त्यांच्या मनात देवाबद्दल काय काय आलं असेल ते त्या आणि देवच जाणोत. पण आयुष्यभर प्रश्न विचारणारी बाई त्या महिन्यांतच नेमकी गप्प झाली असेल, हे मला खरं वाटत नाही.

आता आमच्या घरातलं. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात म्हणून मुद्दाम लिहिते.

माझी थोरली बहीण, आमची ताई, गेल्या वर्षी वारली. तिच्या उपासनेतही वर सांगितलेलं वाक्य ठरल्याप्रमाणे आलं. आणि घरी आल्यावर काही जण दबक्या आवाजात उलटंच बोलत होते, की तिचा विश्वास शेवटी थंडच पडला होता. दोन्ही खोटं आहे.

ताईचा मधला मुलगा १९९८ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. पंचविशीतला. त्यानंतर वर्षभर ताई चर्चमध्ये गायली नाही. आवाज गोड होता तिचा, त्यामुळे सगळ्यांच्या ते लक्षात आलं. दर रविवारी यायची, मागच्या दाराजवळच्या बाकावर बसायची आणि गीताला उभी राहून तोंड मिटून घ्यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गाणार नाही. त्याला कळू दे. पण येईन." त्या वर्षात एक रविवार चुकला असेल तर तिला ताप होता म्हणून.

शेवटची दोन वर्षं ती खाटेवरच होती. भेटायला येणारे प्रार्थना करत, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण एक गृहस्थ (नाव नको) तिच्या उशाशी उभे राहून म्हणाले, "पूर्ण विश्वासानं मागितलं तर बरं वाटतंच. काहीतरी आड येतंय." ताईनं त्यांना चहा घेऊन जायला सांगितलं. चहा आणि जाणं, दोन्ही. मंडळी, दुखण्यानं पिचलेल्या माणसाला आणखी हा हिशेब कशाला? ईयोबाचे मित्र अजून गावोगाव फिरताहेत.

संध्याकाळी मी तिला वाचून दाखवायचे. तेविसावं स्तोत्र उघडलं की म्हणायची, "ते सगळेच वाचतात गं. अठ्ठ्याऐंशीवं काढ." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही, अंधारातच संपतं. तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ते देवालाच उद्देशून आहे, पाठ फिरवून कुणा तिसऱ्याला सांगितलेलं नाही. ताई ते डोळे मिटून ऐकायची आणि संपलं की म्हणायची, "आमेन." मग थोड्या वेळानं, "पाणी दे."

असं जवळजवळ रोज, गेली त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत.

पुढच्या महिन्यात तिला वर्ष होईल. स्मरणाच्या प्रार्थनासभेत मी दोन शब्द बोलावेत असं भाच्यानं सांगितलंय. मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचणार आहे. पाळकसाहेबांना आधीच विचारलंय. ते जरा थबकले, मग म्हणाले, "वाचा बाई. पण हळू वाचा, लोकांना सवय नाही."