घोड-भीमेच्या काठावरची सुट्टी

दिवाळीचे हिशेब मिटले, नव्या वह्यांचे पूजन झाले, की आपल्या घराघरांतून सहलीची बोलणी सुरू होतात. अलीकडे त्या बोलण्यांत परदेशाची नावे अधिक येतात. दुबई आणि सिंगापूर जुनी झाली. आता स्पेनच्या भूमध्य समुद्रकाठच्या गावांची चित्रेही घरच्या मुलांच्या हातातील मोबाइलवर दिसू लागली आहेत. त्यांपैकी बेनिडॉर्म हे गाव ध्यानात घेण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते मासेमारीवर जगणारे लहानसे गाव होते. १९५६ साली तेथील नगरपालिकेने गावाच्या वाढीचा सर्वंकष आराखडा तयार केला आणि पुढे तेथे उंच इमारतींचे पर्यटननगर उभे राहिले. मात्र तेथे जाणारा प्रवासी केवळ वाळूत पहुडत नाही. लगतच्या सिएरा हेलादा या डोंगरकड्यांवर, ज्यांना २००५ साली संरक्षित नैसर्गिक उद्यानाचा दर्जा मिळाला, तो पायी हिंडतो. नावेत बसून समोरच्या बेटापर्यंत जातो. आसपासची जुनी गावे पाहतो.

खडक, पक्षी, नाव आणि जुनी वास्तू. समुद्र तेवढा वगळला, तर यांतील प्रत्येक गोष्ट शिरूर आणि दौंड येथून सकाळी निघून सूर्यास्तापूर्वी घरी परतता येईल इतक्या अंतरावर आहे. परदेशी जाऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु दुकानदाराच्या घरातील लांबच्या सहलीचे एक वैगुण्य असते. गल्ल्यावर कोणीतरी हवे म्हणून थोरला भाऊ मागे राहतो, गुडघे साथ देत नाहीत म्हणून आई राहते, आणि तिच्या सोबतीला एक सून राहते. सात दिवसांची सहल अर्ध्या घराची होते. एका दिवसाची सहल मात्र सगळ्या घराची होऊ शकते. बाजारपेठ आठवड्यातून एक दिवस बंद असतेच. प्रश्न फक्त तो दिवस झोपेत आणि उधारीच्या वसुलीत घालवायचा की नाही, एवढाच आहे.

आरंभ कुकडीपासून करू. शिरूरहून टाकळी हाजीमार्गे गेले की नदीच्या अलीकडे शिरूर तालुका आणि पलीकडे पारनेर तालुक्यातील निघोज. येथे नदीच्या पात्रात काळ्या कातळाला रांजणांसारखी शेकडो खोल भोके पडलेली आहेत. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी फिरत राहतात आणि जात्याप्रमाणे खडक दळत जातात. अशा रीतीने युगानुयुगे हे रांजणखळगे कोरले गेले. काठावर मळगंगा देवीचे स्थान आहे. चक्रवाढ व्याज म्हणजे काय, हे नातवंडांना शिकवायचे असेल, तर वहीवर आकडेमोड करण्याआधी त्यांना येथे आणावे. गोटा लहान, घासही लहान, परंतु काळ मोठा. त्याचे फळ डोळ्यांसमोर आहे. मात्र हे खळगे जितके देखणे तितकेच घातक आहेत. कड गुळगुळीत असते, आत उतरलेल्याला वर चढण्यासाठी पकड मिळत नाही आणि खोलीचा अंदाज येत नाही. पाहावे ते दुरून. छायाचित्रासाठी कडेवर जाऊ नये, आणि मुलांचा हात सोडू नये.

कुकडीचे पाणी घोडनदीत येते. शिरूरला आजही जुनी माणसे घोडनदी म्हणूनच ओळखतात. याच घोडच्या उजव्या तीरावर, शिरूर तालुक्यातच, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती त्यातून उजेडात आली. जव पिकवणारी, रंगीत मडकी घडवणारी, बांध घालून नदीचे पाणी पाटाने वळवणारी ही माणसे होती. एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार सापडले. ते घर वस्तीच्या प्रमुखाचे असावे आणि लोकांकडून जमा होणारे धान्य त्या कोठारात साठवले जात असावे, असे संशोधकांनी मांडले. आडत आणि गोदाम ज्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या आहे, त्यांनी आपल्या तालुक्यातील हे तीन हजार वर्षांपूर्वीचे कोठार ठाऊक असू नये, हे बरे नव्हे. पुढे हवामान कोरडे होत गेले; ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि अखेरीस वस्ती उठली. पाणी आटले की कोठारही रिते होते, हा धडा चासकमानच्या कालव्याकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या बाजारपेठेला आजही लागू आहे. एक सूचना मात्र करतो. उत्खननाच्या जागी आज भव्य असे काहीच दिसत नाही. म्हणून आधी डेक्कन कॉलेजचे संग्रहालय पाहावे आणि मग इनामगावी जावे. म्हणजे मातीचा उंचवटाही बोलू लागतो.

दौंडकरांना भीमा जवळची. तिच्या पैलतीरावर श्रीगोंदे तालुक्यात पेडगाव आहे. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आपण सर्वांनी वापरला आहे. ते पेडगाव हेच. मोगल सरदार बहादूरखान याच्या नावाने येथील भुईकोटास बहादूरगड म्हणत. शिवछत्रपतींच्या एका तुकडीने हूल देऊन त्याची सेना गडाबाहेर दूर नेली आणि दुसरीने मागे राहिलेला खजिना व घोडे नेले, अशी कथा सांगितली जाते. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबाच्या छावणीत आणले गेले, ते याच ठिकाणी. आज या गडास धर्मवीरगड म्हणतात. महाराजांची समाधी शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे आहे. गडात यादवकालीन मंदिरे आहेत, त्यांतील लक्ष्मीनारायणाच्या मंदिराचे कोरीव काम निवांतपणे पाहण्यासारखे आहे. भीमेचे पाणी वर खेचणाऱ्या मोटेचे बांधकामही मुलांना अवश्य दाखवावे. याच नदीकाठी पुढे सिद्धटेक आहे. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी केला. पूर्वी दौंड तालुक्यातील शिरापूरच्या बाजूने नावेतून पलीकडे जावे लागे. आता पूल झाला आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांनाही सोबत नेता येते.

आणि शेवटी भिगवण. दौंडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की उजनी धरणाचे मागे पसरलेले पाणी लागते. धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाखाली भीमाकाठची अनेक गावे गेली; उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर पुन्हा वर येते. हिवाळ्यात याच उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात, चित्रबलाकही दिसतात. कुंभारगाव आणि डिकसळ परिसरातील मच्छीमार आपल्या होड्यांतून पर्यटकांना पक्षी दाखवतात. कोणता पक्षी कोठे बसला असेल, हे त्यांना पाण्याच्या रंगावरून कळते. बेनिडॉर्मच्या कोळ्यांच्या गावाला जसा प्रवाशांमुळे दुसरा रोजगार मिळाला, तसाच येथे मिळू लागला आहे. फरक एवढाच, की येथील माणसांच्या वाडवडिलांच्या जमिनी त्याच पाण्याखाली आहेत. म्हणून एक विनंती करतो. परदेशी हॉटेलच्या बिलावर आपण निमूट सही करतो. मग होडीवाल्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस का करावी? व्यापारात भाव करणे हा धर्म खरा, पण सौद्याची जागा आणि सौजन्याची जागा वेगवेगळी असते.

याच पाण्याविषयी एक गंभीर गोष्टही सांगितली पाहिजे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ते पर्यटक नव्हते. रोजच्या वाटेने जाणारे प्रवासी होते, त्यांत लहान मुलेही होती. आपण तर हौसेने जाणार. तेव्हा जीवरक्षक जाकीट अंगावर चढवल्यावाचून होडीत पाय ठेवू नये. जाकिटे कमी असतील, तर तेवढीच माणसे बसवावीत आणि दुसऱ्या फेरीची वाट पाहावी. सकाळी वारा पडलेला असतो आणि पक्षीही तेव्हाच दिसतात. दुपारनंतर आभाळ भरले, तर पैसे दिलेले असले तरी उतरून यावे. बँकेत तारणाविना कर्ज देत नसत. जाकीट हे येथील तारण आहे.

राहिला हिशेब. एका मोटारीचे इंधन, होडीचे भाडे, घरचा डबा आणि उकळून गार केलेले पाणी एवढ्यात एक दिवस होतो. अशा चार सहली हिवाळ्यात सहज बसतात, कारण तोवर चातुर्मास संपलेला असतो, उन्हाचा त्रास नसतो आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या आपल्या घरांनाही वेळ जुळवता येते. दिवस लहान असल्याने निघावे मात्र पहाटे. परतताना डब्यांची रिकामी पाकिटे आणि बाटल्या मोटारीत परत आणाव्यात. पुढच्या रविवारी तेथे जाणारे कुटुंब आपल्याच ओळखीचे असू शकते.

वाचकबंधुभगिनींनो, स्पेनची तिकिटे काढली असतील तर आनंदाने जावे. तेथील कोणी सहप्रवासी विचारील, की तुमच्या गावाजवळ पाहण्याजोगे काय आहे. त्या वेळी निघोजचा कातळ, इनामगावचे कोठार, पेडगावचा गड आणि भिगवणचे पक्षी ही चार नावे घरातील लहान मुलाच्याही तोंडून सहज यावीत. त्यासाठी ती त्याने आजीचा हात धरून पाहिलेली असली पाहिजेत.